डोळा, अक्षर आणि आंकडा

उस्मानपुऱ्याच्या रस्त्यानें संध्याकाळीं चालूं लागलें म्हणजे दोहों बाजूंच्या दुकानांवरील पाट्या आपोआप वाचल्या जातात. कांहीं देवनागरींत, कांहीं इंग्रजींत, एखादी उर्दूंत. प्रौढ मनुष्यास ह्या वाचनाचे श्रम म्हणून पडत नाहींत. किंबहुना पाटी दिसली आणि ती वाचावयाची नाहीं असें ठरविलें, तरी तें साधत नाहीं. परंतु ह्याच रस्त्यानें एका साडेपांच वर्षांच्या मुलीचा हात धरून चालण्याचा प्रसंग मजवर आला, तेव्हां ही सहज वाटणारी गोष्ट मुळांत किती अवघड आहे हें ध्यानांत आलें. मुलगी आमच्या शेजारच्या घरांतील. बरोबर तिच्या आजी होत्या. एका पाटीवर ‘खानावळ’ असें रंगविलेलें होतें, आणि रंगाऱ्यानें ‘ख’चे दोन अवयव जरा दूर दूर काढले होते. मुलीनें नीट पाहिलें, थोडा विचार केला आणि ‘रवानावळ’ असें वाचलें. मला हसूं आलें. आजींना आलें नाहीं. त्यांच्या पिशवींत त्याच दिवशीं शाळेकडून आलेला एक कागद होता. वाचनपूर्व कसोटींत मुलीचा ‘दृष्टिबोध’ कमी आढळला असून ती वाचनास अद्याप सिद्ध नाहीं, सबब तिला आणखी एक वर्ष बालवर्गांतच ठेवावें, असें त्यांत लिहिलेलें होतें.

आजींनीं मला विचारलें, “अहो, डोळे डॉक्टरांनीं तपासले, ते धड आहेत म्हणाले. मग कमी तें काय?”

प्रश्न साधा होता, आणि त्यांत नकळत केलेला भेदहि बरोबर होता. डोळ्यास दिसणें ही एक गोष्ट आणि दिसलें तें ओळखणें ही दुसरी. पहिलीस दृष्टि म्हणावें, दुसरीस दृष्टिबोध. फळ्यावरील अक्षर अंधुक दिसत असेल तर चष्म्यानें काम भागतें. परंतु ‘घ’ आणि ‘ध’ हीं दोन्ही अक्षरें स्वच्छ दिसत असूनहि त्यांतील भेद मनांत ठसत नसेल, तर चष्मा काय करणार? मुलांच्या ह्या दुसऱ्या शक्तीचा वाचनाशीं संबंध किती, तो आंकड्यांनीं मोजतां येतो काय, आणि मोजल्यावर त्या आंकड्यावर कितपत विसंबावें, ह्या प्रश्नांचा ऊहापोह गेलीं शंभर-सव्वाशें वर्षें चालला आहे. त्याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण त्याच्या निकालावर एकेका मुलाचें एकेक वर्ष अवलंबून असल्यामुळें तो सुशिक्षित आईबापांनीं जाणून घेण्याजोगाहि आहे.

आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेंत ‘सिद्धता’ हा प्रश्नच नव्हता. मुलाला पांचवें वर्ष लागलें कीं मुहूर्त पाहून त्याच्या हातून श्रीगणेशा काढवीत. ‘ॐ नमः सिद्धम्’ ह्या मंगलवचनाचा ‘ओनामा’ झाला, आणि ओनामा म्हणजेच आरंभ असा अर्थ भाषेंत रूढ झाला. धूळपाटीवर बारीक धूळ पसरावयाची, तीवर अक्षर गिरवावयाचें, गिरवितांना तोंडानें उच्चार करावयाचा, आणि सर्व मुलांनीं मिळून बाराखडी घोळून म्हणावयाची, असा तो क्रम होता. ह्या पद्धतींत डोळा कधीं एकटा पडत नसे; त्याला हाताची आणि कानाची सोबत असे. तथापि ती पद्धति निर्दोष होती असें समजण्याचें कारण नाहीं. अर्थ कळो न कळो, घोकंपट्टी चाले. चुकलें तर छडी बसे. आणि मुलींना व अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलांना त्या शाळेचें दार बहुधा बंदच असे. जो मागें पडे त्याची ‘मठ्ठ’ म्हणून बोळवण होई. कसोटी नव्हती, म्हणून न्याय होता असें मुळींच नाहीं. कसोटीचा उगम झाला तो बऱ्याच अंशीं ह्या ‘मठ्ठ’ शब्दाच्या अन्यायांतून सुटण्यासाठींच, हें पुढें दिसून येईल.

त्या काळच्या मुलाला एक नव्हे, दोन लिप्या शिकाव्या लागत. पोथीसाठीं आणि पुढें छापील पुस्तकासाठीं बालबोध. हिशेब, पत्रें आणि दप्तर ह्यांसाठीं मोडी. एकच ‘क’ दोन वेषांत ओळखावयाचा, हा दृष्टिबोधाचा मोठाच व्यायाम होता. आणि ह्या शहरांतील मुलाच्या वांट्यास तर त्याहून अधिक आलें. औरंगाबाद, म्हणजे हल्लींचें छत्रपति संभाजीनगर, १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ सालीं हैदराबादेंत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमहि उर्दूच. १९१५ सालीं शहरांत सरस्वती भुवन ही संस्था निघाली आणि मराठी शिक्षणाला तिचा मोठा आधार झाला. परंतु पुढें शिकूं पाहणाऱ्या मराठी मुलास उर्दू टळण्यासारखी नव्हती. म्हणजे त्याचा डोळा एका पुस्तकांत डावीकडून उजवीकडे धांवे आणि दुसऱ्यांत उजवीकडून डावीकडे. देवनागरींत अक्षराच्या अंगाकडे लक्ष द्यावयाचें, तर उर्दूंत टिंबांकडे. कारण होडीसारख्या एकाच आकृतीखालीं एक टिंब दिलें तर ‘ब’ होतो, तीन दिलीं तर ‘प’, आणि वर दोन दिलीं तर ‘त’. ह्या सर्व कसरतींतून त्या पिढीचीं मुलें गेलीं, त्यांतून वकील, शिक्षक आणि लेखक निपजले.

येथें एका पाश्चात्य प्रयोगाचा उल्लेख करणें योग्य होईल. १९५२ सालीं मिश्किन आणि फोर्गेज ह्या दोघां संशोधकांनीं असें दाखविलें कीं, नजर एका बिंदूवर स्थिर ठेवून क्षणभर शब्द दाखविला असतां, इंग्रजी शब्द त्या बिंदूच्या उजव्या बाजूस अधिक चांगले ओळखूं येतात. परंतु उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या यिद्दिश भाषेचे शब्द दाखविले तर हा कल टिकत नाहीं, उलट डावीकडे झुकतो. तात्पर्य, डोळ्याची संवय ही सर्वस्वीं जन्मजात नसून बरीचशी लिपीनें लावलेली असते. ज्या शक्तीला आपण वाचनाची पूर्वतयारी म्हणतों, तिचा कांहीं भाग वाचनानेंच निर्माण होतो, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिची गरज पुढें लागणार आहे.

आतां युरोपकडे वळूं. वाचतांना डोळा ओळीवरून पाण्यासारखा वाहत जात नाहीं, तो उड्या मारीत आणि मध्यें मध्यें थांबत जातो, हें एमिल जावाल ह्या फ्रेंच नेत्रवैद्याच्या प्रयोगशाळेंत १८७९ च्या सुमारास दिसून आलें. १८९६ सालीं प्रिंगल मॉर्गन नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, गणितांत चांगला, डोळे निर्दोष. पण लिहिलेला शब्द म्हटला कीं त्याची गति खुंटे. सर्व शिक्षण तोंडीं दिलें तर हा शाळेंत पहिला येईल, असें त्याच्या शिक्षकाचें मत होतें. ‘मठ्ठ’ ह्या एकाच शब्दांत ज्यांची बोळवण होत असे, त्या मुलांत अशींहि मुलें असतात हें ह्या हकीकतीनें जगापुढें आणलें. १९०५ सालीं आल्फ्रेड बिने आणि सिमों ह्यांनीं पॅरिसमध्यें आपली प्रसिद्ध बुद्धिमापनाची श्रेणी तयार केली, तीहि शाळेंत मागें पडणाऱ्या मुलांस शिक्षकाच्या लहरीवर न सोडतां, कांहीं निश्चित रीतीनें ओळखावें आणि त्यांना वेगळें साह्य द्यावें, ह्याच हेतूनें.

कसोट्या आल्या, पण दोन कसोट्यांतील नातें मोजण्याचें साधन आणखी निराळ्या ठिकाणाहून आलें. इंग्लंडांत फ्रान्सिस गाल्टन ह्यानें १८८८ सालीं ‘सहसंबंध’ ही कल्पना मांडली आणि कार्ल पिअर्सन ह्यानें १८९६ सालीं तिला गणिती सूत्र दिलें. कल्पना समजण्यास कठीण नाहीं. एका वर्गांतील चाळीस मुलांना आकृति ओळखण्याच्या कसोटींतील गुणांप्रमाणें एका रांगेंत उभें करावें. वर्षाअखेर त्यांनाच वाचनाच्या गुणांप्रमाणें दुसऱ्या रांगेंत उभें करावें. दोन्ही रांगांतील क्रम तंतोतंत सारखा आला तर सहसंबंध १. दोन्हींत कांहींच मेळ नसेल तर ०. क्रम अगदीं उलटा आला तर उणें १. प्रत्यक्षांत आंकडा मध्येंच कोठें तरी पडतो. तो ०.४ आला तर पुष्कळ जण त्याचा अर्थ ‘शेंकडा चाळीस संबंध’ असा करितात, आणि तेथेंच फसतात. मुलांमुलांतील वाचनाच्या फरकापैकीं किती भाग पहिल्या कसोटीशीं निगडित आहे हें पाहावयाचें तर त्या आंकड्याचा वर्ग करावा लागतो. ०.४ चा वर्ग ०.१६. म्हणजे शेंकडा सोळा भाग. उरलेले चौऱ्यायशीं भाग अन्य कारणांकडे जातात.

ह्या गणिताचा शाळेंतील सर्वांत गाजलेला उपयोग अमेरिकेंत झाला. शिकागोजवळच्या विनेट्का गांवीं मेबेल मॉर्फेट आणि कार्लटन वॉशबर्न ह्यांनीं पहिल्या इयत्तेंतील मुलांचें मानसिक वय आणि वाचनांतील प्रगति ह्यांची तुलना करून १९३१ सालीं असा निष्कर्ष काढला कीं, साडेसहा वर्षांचें मानसिक वय होईपर्यंत मुलाला वाचन शिकवूं नये हें बरें. एका गांवच्या शाळांतील, एका पद्धतीनें शिकविलेल्या मुलांवरून काढलेला हा निष्कर्ष पाहतां पाहतां नियम होऊन बसला. त्याच सुमारास ‘वाचनसिद्धता’ मोजणाऱ्या छापील कसोट्या निघूं लागल्या. सारखी आकृति शोधा, उलटी आकृति ओळखा, रेघ जुळवा, असें त्यांचें स्वरूप असे. १९३७ सालीं आर्थर गेट्स ह्यानें निरनिराळ्या रीतीनें शिकविले जाणारे वर्ग ताडून पाहिले, आणि दाखविलें कीं, आवश्यक मानसिक वय म्हणून कांहीं एक ठरीव वय नाहीं. जेथें साहित्य भरपूर आणि शिक्षक मुलागणिक लक्ष देणारा, तेथें लहान मानसिक वयाचीं मुलेंहि वाचूं लागत. जेथें सर्वांना एकाच दावणीला बांधलेलें, तेथें मोठीं मुलेंहि अडखळत. आंकडा मुलाचा म्हणून सांगितला जात होता. वस्तुतः त्यांत शिकविणाऱ्याचाहि वांटा होता. गेट्सचें म्हणणें विनेट्काच्या नियमाइतकें गाजलें नाहीं. नियम लक्षांत ठेवण्यास सोपा असतो, अपवाद नसतो.

ह्यानंतर दृष्टिबोधाला स्वतंत्र महत्त्व आलें तें व्हिएन्नांत जन्मलेल्या आणि अमेरिकेंत काम केलेल्या मारियान फ्रॉस्टिग ह्या बाईंमुळें. १९६० नंतरच्या दशकांत त्यांची कसोटी सर्वत्र पसरली. तिचे पांच भाग: डोळा आणि हात ह्यांचा मेळ; गिचमिडींतून एक आकृति वेगळी काढणें; लहान, मोठी, कललेली कशीहि असली तरी तीच आकृति आहे हें ओळखणें; आकृतीची दिशा ओळखणें; आणि तिच्या अवयवांतील परस्परस्थान ओळखणें. ह्या पांचांतील प्रत्येक शक्ति वाचनास लागते हें कोणीहि कबूल करील. म्हणून असा विचार पुढें आला कीं, मुलाला आधीं ह्या आकृतींचा सराव द्यावा, म्हणजे वाचन आपोआप सुधारेल. हजारों मुलांना असा सराव दिला गेला. फळ काय मिळालें? मुलें आकृतींच्या कसोटींत कांहींशीं सुधारलीं. वाचनांत मात्र तसा लाभ दिसेना. हॅमिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७४ सालीं तोंवरच्या प्रयोगांचा आढावा घेऊन हेंच सांगितलें. १९८२ सालीं केनेथ कॅव्हेल ह्यानें दृष्टिबोध आणि वाचन ह्यांवरील १६१ अभ्यासांची एकत्र मोजदाद केली, तेव्हां संबंध आहे, पण तो मध्यम प्रतीचा, ०.४ च्या आसपासचा, असें आढळलें.

मग वाचनाचें भाकित अधिक चांगलें कशावरून करतां येतें? १९६७ सालीं बाँड आणि डिक्स्ट्रा ह्यांनीं अमेरिकेंतील पहिल्या इयत्तांच्या मोठ्या पाहणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत शाळेंत येतेवेळीं मुलास अक्षरें किती ओळखतां येतात, ही साधी गोष्ट सर्वांत उपयोगी ठरली. १९८३ सालीं इंग्लंडांत ब्रॅडली आणि ब्रायंट ह्यांनीं दाखविलें कीं, चार-पांच वर्षांच्या मुलाला यमक आणि आरंभींचा ध्वनि ओळखतां येणें ह्याचा पुढील वाचनाशीं निकट संबंध आहे. आणि ध्वनींचा सराव प्लॅस्टिकचीं अक्षरें हातांत देऊन करविला तर तो सर्वांत फलदायी होतो. म्हणजे पुन्हां डोळा, हात आणि कान एकत्र आले. धूळपाटीची पद्धति शास्त्र म्हणून कोणी रचली नव्हती, पण तिच्यांतील हा एक कण खरा होता.

महाराष्ट्रांत ह्या विषयाचे दोन ओघ दिसतात. एक मापनाचा. डॉ. वि. वि. कामत ह्यांनीं बिनेच्या श्रेणीचें कन्नड व मराठी भाषिक मुलांसाठीं रूपांतर केलें, आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. बिने-कामत कसोटी हें नांव आजहि आपल्या मानसशास्त्रज्ञांच्या तोंडीं आहे. बिनेच्या श्रेणीची जी आवृत्ति टर्मन ह्यानें १९१६ सालीं अमेरिकेंत काढली, तींत चौथ्या वर्षीं चौरस आणि सातव्या वर्षीं शंकरपाळ्यासारखी आकृति पाहून उतरविणें हे प्रश्न होते. म्हणजे दृष्टिबोध हा बुद्धिमापनाच्या पोटांत आरंभापासूनच होता. विदेशी कसोटी जशीच्या तशी आपल्या मुलांस लावणें हा अन्याय आहे, ती येथील मुलांवर पुन्हां तपासून घेतली पाहिजे, हा धडा कामतांनीं घालून दिला.

दुसरा ओघ शिक्षणाचा. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक ह्यांनीं १९२६ सालीं भावनगर येथें नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. १९३६ सालीं ताराबाईंनीं दादरला शिशुविहार काढला. १९४५ सालीं बोर्डीस त्यांचें ग्रामीण बालशिक्षणाचें काम सुरू झालें, आणि १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें अनुताई वाघ ह्यांनीं तें आयुष्यभर वाहिलें. मॉंटेसरीबाईंची खरखरीत कागदाचीं अक्षरें, ज्यांवरून मूल बोट फिरवितें आणि उच्चार ऐकतें, तीं ह्या मंडळींना ठाऊक होतीं. परंतु आदिवासी पाड्यांत महाग साधनें कोठून आणणार? म्हणून पानें, खडे, शिंपले, बिया ह्यांनींच रंग, आकार आणि लहानमोठेपणा ह्यांचे भेद शिकविले गेले. ह्या दोन ओघांतील फरक लक्षांत घेण्यासारखा आहे. पहिला विचारतो, मूल कोठवर आलें आहे? दुसरा विचारतो, येथून त्याला पुढें कसें न्यावें? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण पहिल्याचें उत्तर घेऊन दुसरा विचारलाच नाहीं, तर पहिला विचारण्यांत कांहीं अर्थ उरत नाहीं.

आतांपर्यंतचें बहुतेक संशोधन इंग्रजीवरचें. इंग्रजींत अक्षरें २६. लहान-मोठीं धरून ५२. आपल्या लिपीची गोष्ट वेगळी. व्यंजनें तिसांहून अधिक, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेंच्या घरांत आकृति झाल्या, आणि जोडाक्षरें त्यांहून निराळीं. ऱ्हस्व इकार उच्चारांत व्यंजनानंतर, पण लिहिण्यांत त्याच्या आधीं. ‘र’ तर कधीं डोक्यावर रफार होऊन बसतो, कधीं पायाशीं तिरपा लोंबतो, आणि ‘ट्र’ मध्यें तिसरेंच रूप घेतो. ‘भ-म’, ‘थ-य’, ‘ब-व’, ‘प-ष’, ‘ड-इ’ ह्या जोड्यांत फरक एखाद्या गांठीचा किंवा रेघेचा. आणि ‘ख’चा तर ‘रव’ होतोच! सावरकरांनीं इ, ई, उ, ऊ ऐवजीं ‘अ’चीच बाराखडी सुचविली तिच्या मुळाशीं मुद्रणाची सोय होती, पण मुलाच्या डोळ्यावरचें ओझें कमी करण्याचा प्रश्नहि त्या वादांत गुंतलेला होताच.

आपल्या प्रारंभिक वाचनपाठांनीं ह्या अडचणीवर जो तोड काढला, तो ‘ग म भ न’. मुळाक्षरांचा क्रम बाजूस ठेवून आकृतींच्या साम्यावरून अक्षरें शिकवावयाचीं. ह्या चारहि अक्षरांत उजवीकडे उभा दंड. एकाच्या वळणांतून दुसऱ्याचें वळण निघतें. हाताला हें फार सोयीचें, आणि म्हणूनच ‘गमभन’ हा शब्द ओनाम्याप्रमाणें आरंभाचा वाचक होऊन बसला. परंतु हाताची सोय ती डोळ्याची सोय असतेच असें नाहीं. एलिनॉर गिब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६२ सालीं अक्षरासारख्या आकृति मुलांस दाखवून असें पाहिलें कीं, लहान वयांत उलटसुलटपणा आणि वळणांतील सूक्ष्म बदल ह्यांतच पुष्कळ चुका होतात, आणि त्या चार ते आठ ह्या वयांत झपाट्यानें कमी होतात. ज्या मुलाला ‘भ’ आणि ‘म’ ह्यांचा भेद अजून पक्का नाहीं, त्याच्यापुढें तीं दोन्ही एकाच दिवशीं ठेवलीं तर त्याचा गोंधळ होणारच. लिहिण्यासाठीं सारखीं अक्षरें जवळ, वाचण्यासाठीं मात्र एक पक्कें झाल्यावर दुसरें, असा मध्यम मार्ग अनुभवी शिक्षिका स्वतःच काढीत आल्या आहेत.

भारतीय लिप्यांवरील संशोधनास आतां वेग आला आहे. सोनाली नाग ह्यांनीं २००७ सालीं कन्नड मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध करून दाखविलें कीं, अक्षरें पुरतीं आत्मसात होण्यास येथें एक-दोन नव्हे, कित्येक वर्षें लागतात. २०१४ मधील त्यांच्या दुसऱ्या अभ्यासांत अक्षरज्ञानाशीं ध्वनींच्या जाणिवेबरोबर डोळ्याच्या स्मरणशक्तीचाहि संबंध आढळला, आणि अक्षर जितकें गुंतागुंतीचें व विरळ तितकें तें उशिरा येतें, हेंहि दिसलें. पालघर जिल्ह्यांतील वाडा येथें मराठी आणि कर्नाटकांतील यादगीर येथें कन्नड, अशा दोन ठिकाणीं मुलांचा सलग तीन वर्षें मागोवा घेणारा एक अभ्यास झाला. त्याचा अहवाल २०१७ सालीं निघाला. यादगीरचा मुलूखहि एके काळीं निजामाच्याच राज्यांतला. प्राथमिक इयत्तांत मुलें मात्रा आणि जोडाक्षरें ह्यांशीं किती काळ झुंजत राहतात, आणि केवळ अक्षरओळखीच्या मागें लागून अर्थ कसा दुरावतो, हें त्यांत दिसतें. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानें वाचनदोष ओळखण्याचीं साधनें हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी ह्या भाषांत २०१५ सालीं उपलब्ध केलीं. म्हणजे दृष्टिबोधाचें महत्त्व आपल्या लिपींत इंग्रजीपेक्षां कांहीं अधिकच असावें, असें मानण्यास जागा आहे. शाळेचा तो कागद निव्वळ अज्ञानांतून आलेला नव्हता.

परंतु त्यावरून जो निकाल दिला गेला तो योग्य होता काय? येथें गणिताचाच आधार घेऊं. दृष्टिबोध आणि पुढील वाचन ह्यांचा सहसंबंध ०.४ धरूं. कसोटींत खालच्या अर्ध्या भागांत आलेलीं शंभर मुलें घेतलीं, तर गुणांची वांटणी नेहमींसारखी असतां, त्यांपैकीं सुमारें ६३ मुलें वाचनांतहि खालच्या अर्ध्यांत राहतील. परंतु सुमारें ३७ वरच्या अर्ध्यांत जातील. नुसतें नाणें उडवून निकाल दिला असता तर पन्नास बरोबर आले असते. कसोटीनें ते त्रेसष्ट झाले. संपूर्ण जिल्ह्याची योजना आंखणाऱ्यास हा लाभ मोठा आहे. पण शंभरांतील त्या सदतीस मुलांस त्याचें काय? त्यांचें वर्ष गेलें. सहसंबंध ०.६ असा भक्कम धरला, तरीहि शंभरांत सुमारें ३० मुलांबद्दल अंदाज चुकेल. समूहाविषयीं जें खरें तें एकट्याविषयीं खरें असतेंच असें नाहीं.

शिवाय हा संबंध कार्यकारणाचाच असतो असेंहि नाहीं. ज्या घरांत पुस्तकें, खडू, कात्री, चित्रें आहेत त्या घरांतील मुलाला आकृतींची कसोटीहि सोपी जाते आणि वाचनहि; दोहोंचें मूळ तिसऱ्याच ठिकाणीं, घरांत आहे. एकाच वर्गांत अकरा महिन्यांनीं लहान-मोठीं मुलें असतात. साडेपांच वर्षांच्या वयाला अकरा महिने म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा! आणि पूर्वीं म्हटल्याप्रमाणें वाचनानेंहि दृष्टिबोध घडतो. मग आधीं दृष्टिबोध पुरा होऊं द्या, नंतर वाचन, हें पाणी अंगवळणी पडेपर्यंत पोहूं नका असें म्हणण्यासारखें आहे.

कायद्यानेंहि ह्या बाबतींत एक मर्यादा घालून ठेविली आहे. २००९ च्या बालशिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमानें, शाळाप्रवेशाच्या वेळीं मुलाची अगर पालकांची छाननी करण्यास मनाई केली. महाराष्ट्रांत २०२२ सालीं ‘पहिले पाऊल’ ह्या नांवानें शाळापूर्व तयारीचें अभियान निघालें; त्यांत पहिलींत येणाऱ्या मुलाची तयारी मेळाव्यांत पाहावयाची, आणि आईच्या हातीं घरीं करावयाच्या खेळांचें साहित्य द्यावयाचें, अशी योजना आहे. कसोटीचा शेवट दार बंद करण्यांत न होतां आईच्या हातांत कांहीं तरी देण्यांत व्हावा, ही दिशा मला योग्य वाटते.

म्हणून अशा प्रकारचा कागद हातीं आला, तर आईबापांनीं त्यावर रागावूंहि नये आणि तो वेदवाक्य म्हणून स्वीकारूंहि नये. तीन गोष्टी विचाराव्या. ही कसोटी मराठी मुलांवर, आपल्या लिपीसाठीं तपासून घेतलेली आहे काय? अशा शंभर मुलांपैकीं किती मुलांबद्दल ती चुकते? आणि कमी आढळलें तें भरून काढण्यासाठीं उद्यांपासून शाळा काय करणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळालें नाहीं, तर पहिल्या दोहोंचें कितीहि चांगलें उत्तर मिळून उपयोग नाहीं.

आजींनीं हे प्रश्न शाळेंत जाऊन विचारले. मुलगी पहिलींत गेली. शिक्षिकेनें तिला दुपारीं थोडा अधिक वेळ देण्याचें कबूल केलें. घरीं आजी परातींत पीठ पसरून बोटानें अक्षर काढीत, नातीकडून गिरवून घेत आणि मोठ्यानें म्हणवीत. अजूनहि ती इतर मुलांच्या मानानें सावकाश वाचते, आणि ‘ष’ व ‘प’ ह्यांत कधीं कधीं अडखळते. परवां संत एकनाथ रंगमंदिरावरून जातांना ती थांबली, नांवाचीं अक्षरें एकेक करून लावलीं, आणि ‘संत एकनाथ’ इतकें वाचून पुढचा ‘रंगमंदिर’ आजींना वाचावयास सांगितला. आजींनीं वाचला नाहीं. त्या तेथेंच उभ्या राहिल्या, आणि तिचें वाचून होईपर्यंत आम्हीहि थांबलों.